अधिकार शास्त्राचा आणि शास्त्रावरचा

पनवेल तालुक्यातले उलवे आता गाव म्हणून चटकन ओळखू येत नाही. भातशेती गेली आणि तिच्या जागी उंच इमारती आल्या. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला, आणि 2025 च्या डिसेंबरात तिथून विमाने उडूही लागली. अशा नव्या वस्तीचा एक फायदा असतो. कोण कुठला, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हा हिशेब लागायच्या आत माणसे एका जिन्यावर शेजारी होऊन बसतात. आमच्या शेजारी अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेले एक मराठी ख्रिस्ती कुटुंब आहे. घरातल्या आजींनी ऐंशी ओलांडली आहे. रविवारी उपासनेला निघण्यापूर्वी त्या बायबलमधला थोडा भाग मोठ्याने वाचतात, आणि कॉलेजात जाणारा नातू समोर मोबाइल धरून तोच भाग डोळ्यांखालून घालतो.

एका रविवारी दोघांचे जुंपले. आजींच्या पुस्तकातले एक अख्खे वचन नातवाच्या मोबाइलवर जागेवर नव्हते. खाली बारीक अक्षरात टीप होती, की जुन्यातल्या जुन्या हस्तलिखितांत हे वचन आढळत नाही. शिवाय इकडचे तिकडचे चार शब्दही निराळे होते. मी वर्तमानपत्र मागायला गेलो होतो, तो नेमका त्यांच्या तावडीत सापडलो.

"बघा हो सर," आजी म्हणाल्या, "टेकडी कापली, नदी वळवली, ते सरकारचं काम झालं. पण देवाच्या वचनाला कात्री कुणी लावली?"

"कात्री नाही गं आजी," नातू म्हणाला, "आधी कुणीतरी ठिगळ लावलं होतं, ते काढलं."

मी त्या धर्माचा नाही, त्यामुळे निवाडा देणे माझ्या अधिकारातले नव्हते. पण 'अधिकार' हा शब्द त्या दिवसापासून डोक्यात घोळत राहिला, आणि त्याच्या निमित्ताने थोडे वाचन झाले. ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या मराठीत 'शास्त्राचा अधिकार' म्हटले की दोन वेगळे अर्थ निघतात. एक, शास्त्राची माणसावर चालणारी सत्ता. दुसरा, शास्त्र वाचण्याची माणसाची पात्रता. आपल्याकडे शतकानुशतके गाजला तो दुसरा प्रश्न. वेद कोणी म्हणायचा, कोणी ऐकायचासुद्धा नाही, याची चर्चा धर्मग्रंथांत पानोपानी सापडते. ख्रिस्ती लोकांत गाजला तो मुख्यतः पहिला प्रश्न: हे पुस्तक आपल्यावर हुकूम चालवते, तो कशाच्या जोरावर? दुसरा प्रश्न त्यांच्याकडेही होताच. विल्यम टिंडेल या इंग्रज पंडिताने बायबल सामान्य माणसाच्या इंग्रजीत आणायला घेतले, आणि 1536 साली त्याला पाखंडी ठरवून गळा आवळून मारले व मग जाळले. तेव्हा आमच्याकडे अंधार आणि त्यांच्याकडे उजेड, असा सरळ हिशेब मांडायचे कारण नाही.

आता पहिल्या प्रश्नाचे ख्रिस्ती उत्तर काय ते पाहू. उत्तर असे, की हे लेखन ईश्वरप्रेरित आहे. पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात यासाठी जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'देवाने श्वास फुंकलेले' असा होतो. संपूर्ण नव्या करारात तो एकदाच येतो, पण सगळा सिद्धान्त त्या एका शब्दाभोवती उभा आहे. आपल्या वाचकाला हा शब्द फारसा परका वाटू नये. बृहदारण्यक उपनिषदातही वेदांना त्या महान तत्त्वाचे निःश्वसित म्हटले आहे. श्वासाची उपमा दोन्हीकडे आहे. मात्र पुढचा रस्ता वेगळा होतो.

आपले मीमांसक म्हणतात, वेद अपौरुषेय. त्याला कर्ताच नाही, ना माणूस ना देव. शब्द नित्य आहे, म्हणून स्वर चुकला तरी बिघडते. नैयायिकांनी ईश्वराला वेदाचा कर्ता मानले, पण माणसाला नाही. मुसलमानांच्या श्रद्धेप्रमाणे कुराण अरबी भाषेतच उतरले, म्हणून दुसऱ्या भाषेतले कुराण हा अर्थाचा अनुवाद, खुद्द कुराण नव्हे. ख्रिस्ती माणूस मात्र म्हणतो, की देवाचा श्वास माणसाच्या हातातून वाहिला, आणि तो हात माणसाचाच राहिला.

हे नीट समजायचे तर बायबलच उघडून पाहावे. देवश्वासाची एवढी मोठी गोष्ट ज्या पत्रात आहे, त्याच पत्राच्या शेवटी लिहिणारा तीमथ्याला सांगतो, की त्रोवसात कर्प नावाच्या माणसाकडे माझा झगा राहिला आहे, येताना तो घेऊन ये, आणि पुस्तकेही आण. थंडी यायची होती बिचाऱ्याला! करिंथकरांना लिहिताना पौल सांगतो, की मी अमक्या अमक्याचा बाप्तिस्मा केला, आणखी कोणाचा केला असेल तर आठवत नाही. रोमकरांस पाठवलेल्या पत्रात तर तो पत्र उतरून घेणारा लेखनिक मध्येच स्वतःचे नाव सांगून आपलाही नमस्कार कळवतो. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी म्हणतो, की इतरांनीही हे लिहिले आहे, मी सारे मुळापासून शोधून नीट क्रमाने लिहीत आहे. म्हणजे शोध घेतला, माहिती जुळवली, मग लिहिले. कानात आकाशवाणी झाली आणि हात चालत गेला, असे तो म्हणत नाही.

मग यात देवाचे किती आणि माणसाचे किती? इथे ख्रिस्ती लोकांतच एकमत नाही. काहींची श्रद्धा अशी, की शब्द न् शब्द देवाने सुचवलेला असून मूळ लेखनात इतिहासाची वा विज्ञानाचीही चूक असणे शक्य नाही. या मताच्या पंडितांनी 1978 साली अमेरिकेत शिकागो येथे तसे निवेदनच काढले. रोमन कॅथलिक चर्चने 1965 साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, आपली भूमिका मांडली. तिचा आशय असा, की देव या ग्रंथांचा कर्ता आहे आणि लिहिणारी माणसेही खरेखुरे लेखकच आहेत. त्यांनी कोणत्या काळात, कोणत्या लेखनप्रकारात लिहिले ते पाहून अर्थ लावावा. आणखी काहींना वाटते, की प्रेरणा माणसांना झाली, पुस्तक हे तिच्या साक्षीचे. या वादात आपण फार शिरू नये. पुस्तकांच्या संख्येवरही वाद आहे: प्रॉटेस्टंट बायबलात 66 पुस्तके, कॅथलिक बायबलात 73. पण एक गोष्ट बहुतेकांना मान्य आहे, की हा ग्रंथ दुसऱ्या भाषेत नेला तरी तो शास्त्रच राहतो. म्हणूनच तर ख्रिस्ती मिशनरी ज्या किनाऱ्याला उतरले, तिथली भाषा आधी शिकायला बसले.

मराठीत हे काम कसे झाले त्याचा धावता आढावा पुरे. गोमंतकात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने ओवीछंदात 'ख्रिस्तपुराण' रचले, ते 1616 साली छापले गेले. पण ते भाषांतर नव्हे, बायबलच्या कथेचे पुराण आहे, आणि फार गोड आहे. खरे भाषांतर आले ते बंगालमधल्या श्रीरामपूरहून. विल्यम केरी यांनी मराठी पंडितांच्या मदतीने 1805 साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि 1811 साली नवा करार छापला. अमेरिकन मिशनचे लोक 1813 साली मुंबईत आले. त्यांचा नवा करार 1826 साली निघाला. पुढे भाषांतरे तपासत, सुधारत, पुन्हा छापत काम चालू राहिले.

आजींचा प्रश्न ज्यांना खराखुरा भिडला, अशी मला सापडलेली सर्वांत मोठी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्यापाशी जरा थांबू या.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला. त्या आईने मुलीला शिकवले. भागवत रमाबाईंना मुखोद्गत होते. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत कुटुंब देशभर हिंडले. 1870 नंतरच्या दुष्काळात आईवडील गेले. 1878 साली भाऊ आणि रमाबाई कलकत्त्याला पोचली, तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. इथवर गोष्ट कौतुकाची आहे. पण 'माझी साक्ष' या 1907 सालच्या पुस्तिकेत त्या सांगतात, की धर्मशास्त्रे वाचू लागल्यावर एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. बाकी शेकडो बाबतींत या ग्रंथांचे आपसांत जमत नाही. पण स्त्रियांना आणि शूद्रांना कमी लेखण्यात सगळ्यांचे एकमत आहे. ज्या विद्येबद्दल पंडितांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्या विद्येवरच त्यांचा अधिकार नव्हता.

आपल्या परंपरेतून याला उत्तर नव्हते असे मी म्हणणार नाही. ज्ञानेश्वरांनी 1290 साली गीता मराठीत आणली ती कोणासाठी? पण रमाबाईंचे समाधान तिथे झाले नाही, हे सत्य आहे, आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवे. पतीबरोबर आसामात सिल्चरला असताना घरच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. 1882 साली पती वारले. एका लहान मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या, दुसऱ्या वर्षी इंग्लंडला गेल्या, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी तिथल्या वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात किती गहजब झाला ते सर्वांना माहीत आहे. इंग्लंडात काय झाले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही.

ज्या मठातल्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांची अपेक्षा साधी होती: बाप्तिस्मा झाला, आता चर्चचे ऐकावे. रमाबाई विचारू लागल्या, हे अमुक तत्त्व बायबलात कुठे आहे ते दाखवा. त्रैक्याचा सिद्धान्त असो की चर्चचे नियम, त्यांचे मागणे एकच, पुस्तक उघडा. चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार असे कळल्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी नापसंती कळवली. त्यावरही त्या नमल्या नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचे जू महाप्रयासाने मानेवरून उतरवले आहे. आता बिशपांच्या आज्ञेला देवाची आज्ञा समजून तसलेच दुसरे जू मी चढवून घेणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे घालायची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी विचारले, मला आणि माझ्या देशभगिनींना न कळणारी लॅटिन कशाला, आमची संस्कृत का नको? हा सारा पत्रव्यवहार 1977 साली महाराष्ट्रात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. जरूर वाचावा. पंचविशीतली विधवा बाई, परक्या देशात, परक्यांच्या अन्नावर, आणि पत्रांतला सूर पाहा!

इथे अधिकार या शब्दाचे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. पुस्तकाची सत्ता सर्वोच्च मानली, की मधल्या सगळ्यांची सत्ता आपोआप दुय्यम होते. मग ते शास्त्री असोत, मठाच्या भगिनी असोत की बिशप असोत. आणि पुस्तकापुढे उभे राहायचे तर ते वाचण्याचा हक्क प्रत्येकीला हवा. 'बायबल प्रमाण' हे ऐकायला किती सनातनी वाटते, नाही का? रमाबाईंच्या हातात मात्र ते बंडाचे हत्यार झाले. अर्थात कॅथलिक विचारवंत इथे थांबवून म्हणतील, की बाई, पुस्तक काही आभाळातून बांधून आले नाही. कोणती पुस्तके शास्त्र आणि कोणती नव्हेत हे चर्चनेच ठरवले, तेव्हा परंपरा सोडून पुस्तक एकटे कसे उभे राहील? हा आक्षेप वजनदार आहे. रमाबाईंचे उत्तर वादविवादाचे नव्हते. त्या कामाला लागल्या.

1889 साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. पुढे दुष्काळातून आणलेल्या शेकडो बायकामुली घेऊन दौंडजवळच्या केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. या बायकांना बायबल वाचायला द्यावे तर त्यांना ते कळेना. भाषा मराठीच, पण पंडिती वळणाची. शिवाय रमाबाईंचे आणखी एक दुखणे होते, आणि ते त्यांनाच होऊ शकत होते, कारण त्या संस्कृत आतून जाणत होत्या. एखादा संस्कृत शब्द उचलला की त्याच्याबरोबर त्याचे सगळे गणगोत येते. साधा 'आत्मा' शब्द घ्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांत वारा, श्वास आणि चैतन्य असे तिन्ही अर्थ आहेत. मराठीत 'पवित्र आत्मा' म्हटले की वेदान्त ऐकलेल्या माणसाच्या मनात गीतेतला न मरणारा, न जळणारा आत्मा उभा राहतो; वारा आणि श्वास दोन्ही उडून जातात. 'अवतार' म्हणावे तर दहांतला एक वाटतो. उलट 'नवा करार' पाहा: करार हा कचेरीतला, अरबी वळणाचा शब्द, पण देवाने माणसांशी बांधून घेतलेले वचन त्यात नेमके उतरले आहे. आणि 'बाप्तिस्मा'ला कोणी हातच लावला नाही. ग्रीक शब्द तसाच ठेवून दिला, आणि आज तो मराठी झाला.

देवाच्या श्वासाचे शब्द आहेत अशी ज्या बाईची श्रद्धा, तिला शब्द निवडताना किती भीती वाटत असेल याची कल्पना करा. एखादी कमी श्रद्धेची व्यक्ती म्हणाली असती, अर्थ कळल्याशी कारण. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून मुळावरून सगळे बायबल मराठीत आणायचे ठरवले. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. खिळे जुळवणे, छापणे, बांधणे, सगळे मुक्तिसदनाच्या छापखान्यात तिथल्या बायकांनी केले. काल अक्षर ओळख नसलेल्या हातांनी आज शास्त्राची पाने जुळवली. 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. आजारपण अंगावर होते. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली, आणि काम हातावेगळे झाल्यावर त्या गेल्या, असे सांगतात. मृत्यूची तारीख 5 एप्रिल 1922. संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर पडले. एका स्त्रीने एकटीने मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर जगात दुर्मीळच आहे.

ते भाषांतर घरोघर मात्र गेले नाही. मराठी चर्चमध्ये बायबल सोसायटीचेच चालत राहिले. मला प्रामाणिकपणे वाटते, की संस्कृत शब्द टाळण्याच्या आग्रहात मराठीची काही श्रीमंतीही हातची जाते. नारायण वामन टिळकांचा मार्ग नेमका उलटा होता. रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने दिलेला नवा करार वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले, आणि तिथे त्यांचे मन गुंतले ते गुंतलेच. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ते म्हणत, की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हिंदुस्थानच्या संतांची वाणी त्यांना आपला पहिला जुना करारच वाटे. रमाबाईंना ज्या शब्दांचे गणगोत नको होते, त्यांनाच टिळकांनी अभंगात पाटावर बसवले. पुस्तक दोघांनाही प्रमाणच होते. फरक होता तो मराठी शब्दाकडे पाहण्यात.

पुस्तक दिले म्हणजे त्याचा अर्थही दिला असे होत नाही, याचा एक दाखला तर आमच्या पनवेलातच आहे. पनवेलला बेने इस्राएल समाजाचे बेथ एल सिनेगॉग आहे, 1849 सालचे. हे लोक म्हणजे कुलाबा जिल्ह्याच्या, आताच्या रायगडच्या, किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. सुंता, शब्बाथ, काही प्रार्थना त्यांनी पिढ्यान् पिढ्या जपल्या. पण शास्त्रग्रंथ जवळ नव्हता आणि हिब्रू विसरली होती. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली त्यांच्यासाठी मराठीत हिब्रूचे व्याकरण छापले. मिशनच्या शाळांत त्यांची मुले शिकली, मराठी जुना करार त्यांच्या हाती आला. मिशनऱ्यांना वाटले होते, की जुना करार वाचतील आणि नव्याकडे वळतील. झाले उलटे. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनीही त्यांना हात दिला, आणि हे लोक आपल्याच धर्मात अधिक पक्के झाले. ख्रिस्ती फारच थोडे झाले. ज्यांनी ग्रंथ दिला, त्यांना त्या ग्रंथाच्या अर्थावर मालकी सांगता आली नाही.

एवढे सगळे वाचून मी पुन्हा आजींकडे गेलो, कारण कात्रीचा प्रश्न राहिलाच होता. त्यांना मी एकनाथांची गोष्ट सांगितली. ज्ञानेश्वरीच्या प्रती हाताने उतरताना तीनशे वर्षांत पाठ बिघडले होते, भाविकांनी पदरच्या ओव्याही घुसवल्या होत्या. नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रती ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला आणि बजावले, की यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये. नाथांची ज्ञानेश्वरीवर श्रद्धा नव्हती असे कोणी म्हणेल काय?

बायबलचेही तसेच आहे. पौलाच्या किंवा लूकच्या हातचा कागद आज जगात कुठेही नाही. आहेत त्या नकला. ग्रीक नव्या कराराच्या पूर्ण आणि अपुऱ्या मिळून पाच हजारांहून अधिक. नक्कल करणारा कधी ओळ गाळतो, कधी समासातली टीप मजकुरात ओढतो, कधी एका शुभवर्तमानातले ओळखीचे वाक्य दुसऱ्यात घालतो. सिनाय पर्वताजवळच्या मठात एकोणिसाव्या शतकात चौथ्या शतकातली प्रत मिळाली, तिच्यात मार्कच्या शेवटची बारा वचने नाहीत. म्हणून नव्या आवृत्त्यांत तिथे कंस किंवा टीप असते. दुसरीकडे, 1947 पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत यशयाच्या पुस्तकाची जी गुंडाळी मिळाली, ती तोवर ठाऊक असलेल्या हिब्रू प्रतींहून सुमारे हजार वर्षे जुनी निघाली, आणि बारीकसारीक फरक सोडले तर मजकूर पुष्कळसा तोच. म्हणजे हजार वर्षे उतरून घेणाऱ्यांनी किती जपले ते पाहा.

"म्हणजे देवाने दिलेलं होतं तेच शोधताहेत," आजी म्हणाल्या.

"ख्रिस्ती पंडित तसंच म्हणतात. काही म्हणतात, मूळ लेखन निर्दोष, नक्कल करणारा चुकणारच."

"मग मूळ देवाने जपून का नाही ठेवलं?"

आता याला काय सांगणार! हा प्रश्न त्यांच्या पंडितांनाही सुटलेला नाही. नातू म्हणाला, मूळ कागद राहिला असता तर लोकांनी त्याची काच लावून पूजा केली असती आणि वाचला नसता. आजींना हे उत्तर मुळीच आवडले नाही. मग त्याने वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'चे नाव काढले, 2013 च्या साहित्य अकादमी अनुवाद पुरस्काराचे. दिब्रिटो 2020 साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि 2024 साली वारले, हे आजींना ठाऊक होते. "ते कॅथलिक," एवढेच त्या म्हणाल्या. पण पुस्तक मागव म्हणून नातवाला सांगितले.

पुढच्या रविवारी त्यांनी मोबाइलमधली ती बारीक टीप नातवाकडून मोठ्याने वाचून घेतली आणि आपल्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने उतरवायला लावली. वचन मात्र त्यांनी खोडू दिले नाही.